गाडी कुठली घ्यावी? आधी दोन हेल्मेट धरा, मग बोलू



या पानावर एरवी आल्याची कंदकूज, बटाट्याचं बेणं, ठिबकच्या नळ्या असलं चालतं. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेताच्या बाहेरचा नाही. दसऱ्यापासून मला पिकापेक्षा जास्त प्रश्न एकाच गोष्टीचे येतायत. "दादा, गाडी कुठली घेऊ?" कारण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. शोरूममध्ये जी गाडी ८० हजाराला होती, ती हिशोबानं सहा हजाराच्या आसपास उतरली. त्यात दिवाळीचा मुहूर्त. वडूजला शोरूमपुढं उभं राहिलं की हार घातलेली एखादी तरी गाडी बाहेर पडताना दिसतेच.

चांगलं आहे. शेतकऱ्याच्या दारात गाडी ही आता चैन राहिलेली नाही. वस्तीवर राहणाऱ्याला दूध घालायला, वैरण आणायला, पोराला शाळेत सोडायला, डीपीचा फ्यूज गेला तर वायरमन गाठायला गाडीच लागते. एसटीच्या भरवशावर शेती होत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्याला पटत नाही त्याचा वेळ वाचेल. गाडी कामाकडं बघून घ्यावी, आणि ज्या दिवशी गाडी घरात येईल त्याच दिवशी दोन हेल्मेट यावीत. एक चालवणाऱ्याचं, एक मागं बसणारीचं. दोन हेल्मेट ज्या बजेटात बसत नाहीत, ती गाडीच आपल्या बजेटाबाहेरची समजावी.

आता सविस्तर.

पहिलं म्हणजे, गाडी बघायला जाण्याआधी घरी बसून कागदावर लिहा की या गाडीवर रोज काय जाणार आहे. कोण जाणार आहे, त्याच्या आधी काय जाणार आहे ते लिहा. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले तर नुसत्या दुधाचंच वजन ८० किलोच्या वर. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. त्यावर आपण स्वतः सत्तर किलो. आणि एखाद्या दिवशी मागं मंडळी पण. गाडीसोबत जी पुस्तिका मिळते, तिच्यात गाडी किती किलो भार घेऊ शकते हे लिहिलेलं असतं. आपल्यातला शंभरातला एक जण ती उघडत असेल. औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण आपण वाचतो, तसं हे पण वाचावं. जादा भारानं शॉकअप बसतो, चेन लवकर ताणते, हे मेकॅनिक सांगतोच. पण मागं वजन जास्त झालं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही.

ज्याचं मुख्य काम दूध आणि ओझं आहे, अंतर पाच-सात किलोमीटरचं आहे, त्याला एक्सएल वाईट नाही. हसू नका. गिअर नाही, वजनाला हलकी, पुढं पाय ठेवायच्या जागेत गोणी बसते, मागची सीट निघते. बायामाणसांना शिकायला सोपी. पूर्वी लूना, एम-८० हेच काम करायच्या. पण एक्सएलची टाकी लहान, आणि ती लांबच्या रस्त्याला भरधाव पळवायची गाडी नाही. ती घेऊन रोज साताऱ्याला जाऊ नये.

ज्याला ओझं, माणूस, बाजार, सगळंच थोडं थोडं आहे, त्याला शंभर सीसीची साधी गाडी. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाइन १००, यातली कुठलीही. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ ला स्प्लेंडर. त्याआधी आपल्या भागात राजदूत आणि येझदीचा आवाज होता. भारी गाड्या, पण पेट्रोल प्यायच्या. शंभर सीसीवाल्यांनी हिशोबच बदलला. आजही या गाड्यांत उन्नीस-बीसचाच फरक. तुमच्या जवळ ज्या कंपनीचा चांगला मेकॅनिक आहे, ती घ्या. मात्र एक लक्षात ठेवा, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं आणि कार्बुरेटर गेला. त्यामुळं स्क्रू ड्रायव्हर घेऊन अॅव्हरेज सेट करणाऱ्या जुन्या मिस्त्रीच्या हातात आता सगळं नाही.

ज्याला रोज पन्नास-साठ किलोमीटर पळायचं आहे, नोकरी बघून शेती करायची आहे, त्यानं सव्वाशे सीसी घ्यावी. थोडा दम जास्त, गाडी रस्त्याला धरून चालते.

आणि आता तो अवघड विषय. घरातलं पोरगं. त्याला दीडशे-दोनशे सीसीची पाहिजे असते. मित्राकडं आहे म्हणून पाहिजे असते. आई मधे पडते, बाप हप्ता बांधतो. मी पोरांच्या विरोधात नाही, वय असतं. पण हिशोब मांडा. रोजचे ३० किलोमीटर धरले तर वर्षाला ११ हजार किलोमीटर होतात. एक गाडी लिटरला ६५ देते आणि दुसरी ४५, तर वर्षाला ७५ लिटर पेट्रोल जादा. आजच्या भावानं साडेसात-आठ हजार रुपये. दरवर्षी. वर हप्ता, वर महाग टायर. हा हिशोब पोराला समोर बसवून, पेन त्याच्याच हातात देऊन करायला लावा. त्यातूनही घ्यायचीच असेल तर घ्या, पण मग ब्रेक बघून घ्या, रंग बघून नको.

ब्रेकचं सांगतो. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला लागणारं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. वीसच्या वेगाला जी गाडी दोन-तीन मीटरमध्ये थांबते, ती साठला नऊपट अंतर मागते. मधे कुत्रं आलं, शेळी आली, मळ्यातून अचानक ट्रॅक्टर रस्त्यावर चढला, तर एवढी जागा कुठून आणायची? एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना जोडब्रेक सक्तीचा आहे, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. १२५ च्या वरच्या गाड्यांना एबीएस आहे, त्यात चाक जाम होऊन घसरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे नक्की बघावं. २०१८ ची गाडी पाच हजारानं स्वस्त मिळते तेव्हा ती कशामुळं स्वस्त आहे ते पण बघावं. तसंच एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाडीचा पुढचा दिवा दिवसापण चालूच असतो. अजूनही समोरून येणारा एखादा हात उघडझाप करून "लाइट चालू हाय" म्हणून सांगतो. त्याचे आभार मानायचे आणि पुढं जायचं.

टायर ट्यूबलेस मिळत असेल तर घ्या. आपल्याकडं वेड्या बाभळीचा काटा कुठल्या वाटेवर नाही? ट्यूबचा टायर भस्सकन बसतो, ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते, तोवर माणूस गाडी बाजूला घेतो.

इथवर सगळ्यांना पटत असणार. गाडीच्या बाबतीत आपण लई चिकित्सा करतो. सीट दाबून बघतो, सायलेन्सर ऐकतो, दहा जणांना विचारतो. मग शोरूमवाला शेवटी विचारतो, "हेल्मेट देऊ का?" आणि तिथं आपण म्हणतो, "नको, त्याचं तेवढं कमी कर." लेगगार्डला पैसे असतात, सीटकव्हरला असतात, नंबरप्लेटवर दादा-मामा लिहायला असतात. वास्तविक मोटार वाहन नियमांत दुचाकी विकताना बीआयएसच्या मानकाचं हेल्मेट कंपनीनंच द्यावं असं लिहिलेलं आहे. म्हणजे ते मागायचा हक्क आहे आणि आपण तो सोडून देतो.

आता आकडे सांगतो. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल आहे. त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. आणि हेल्मेट नव्हतं अशी ५०,०२९. या पन्नास हजारांत ३५,६९२ चालवणारे होते आणि १४,३३७ मागं बसलेले. रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंतले ६८ टक्क्यांच्या आसपास ग्रामीण भागातले. "अपघात हायवेला होतात, शहरात होतात, आपल्याकडं काय गर्दी आहे?" असं जे म्हणतात, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. गर्दीत गाडी हळू असते. मोकळ्या रस्त्यालाच माणूस मरतो.

आता आपल्याकडची ठरलेली उत्तरं एकेक करून घेऊ. मी सगळी ऐकलेली आहेत, पारावर, डेअरीवर, पंपावर.

"गावातल्या गावात तर जायचंय." रस्ता गावातला असला म्हणून डांबर मऊ होत नाही. आपला बहुतेक प्रवास गावातल्या गावातच आहे, म्हणून पडण्याची वेळही तिथंच जास्त येते. ओल्या रानातनं ट्रॅक्टर रस्त्यावर चढतो, काळ्या मातीचा थर सांडत जातो, वर पावसाचा शिडकावा झाला की तो भाग साबणासारखा होतो. वस्तीचा फाटा, वळणावरची खडी, रंग न मारलेला गतिरोधक, हे सगळं गावातलंच आहे.

"मी हळू चालवतो." गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून पाच फुटांवर असतं. तेवढ्या उंचीवरून कुठलीही वस्तू सोडली तर ती खाली पोचेपर्यंत ताशी २० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. म्हणजे गाडी जाग्यावर उभी असताना आडवी पडली तरी डोकं विसाच्या वेगानं रस्त्यावर आपटू शकतं. खात्री नसेल तर पाच फुटांवरून फरशीवर नारळ सोडून बघा.

हेल्मेट नेमकं करतं काय, ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बांधावरून खडकावर उडी मारा आणि तेवढ्याच उंचीवरून नांगरलेल्या रानात मारा. पडणं तेवढंच, पण रानात पाय दोन बोटं रुततो, धक्का वाटला जातो. हेल्मेटच्या आतला थर्माकोल म्हणजे ते नांगरलेलं रान. तो चेपतो म्हणून डोक्यातला मेंदू एकदम आदळत नाही. आणि एकदा चेपलेला थर्माकोल परत फुगत नाही. म्हणून ज्या हेल्मेटनं एक चांगला मार खाल्लाय ते वरून कितीही धड दिसलं तरी बदलायचं. जगभरातल्या ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा २००८ साली घेतला गेला, त्यात हेल्मेटनं मृत्यूचा धोका ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्के कमी होतो असं निघालं. शंभर टक्के नाही, हे पण लक्षात घ्या. हेल्मेट घातलं म्हणून कुणी अमर होत नाही.

"ज्याची वेळ भरली तो जातोच." हे उत्तर मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण हेच म्हणणारा माणूस बियाण्याला बीजप्रक्रिया करतो, बेणं औषधात बुडवतो, पीकविम्याचा अर्ज भरतो, करपा यायच्या आधी फवारणी घेतो. तिथं तो म्हणत नाही की यायचा असेल तर येईल करपा. बटाट्याला जेवढी काळजी लावतो तेवढी डोक्याला लावावी, एवढंच मागणं आहे.

"डोकं माझं आहे, माझं मी बघीन." यात थोडं तथ्य वाटतं, म्हणून सावकाश उत्तर देतो. तुमच्या डोक्यात काय काय आहे ते बघा. कुठल्या व्हॉल्व्हनं कुठला प्लॉट भिजतो. सोसायटीचं किती, उसनं कुणाचं किती. कुठली म्हैस कधी गाभण गेली. बांधाचा वाद कुठवर आलाय. यातलं निम्मं कुठल्या वहीत लिहिलेलं नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला माहीत नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचं, कर्जावर सही तुमची. डोक्याला मार लागलेला माणूस मेला नाही तरी कधीकधी परत पूर्वीसारखा होत नाही. बोलता बोलता विसरतो, चिडतो, हात थरथरतो. अशा घराची शेती खंडानं जाते, पोरीची शाळा सुटते. डोकं तुमचं एकट्याचं कुठं आहे मग?

शिवाय अंतर बघा. डोक्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्या भागातल्या पेशंटला सहसा साताऱ्याला नाहीतर कराडला हलवावं लागतं. पन्नास-पंचावन्न किलोमीटर. १०८ ला फोन लागला, गाडी आली, तरी तास-दीड तास धराच. पुण्यातला माणूस पडला तर त्याला चार दवाखाने जवळ आहेत. म्हणून उलट आहे बघा, हेल्मेटची गरज शहरापेक्षा आपल्याला जास्त आहे.

"गरम होतं, घाम येतो." हे मात्र खरं आहे. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी हेल्मेट घालणं सुखाचं नाही. वारा खेळायला भोकं असलेलं घ्या, आतलं अस्तर निघणारं घ्या आणि आठवड्याला धुवा. आत पातळ सुती कपडा चालेल. जाड टॉवेल गुंडाळून किंवा टोपीवर हेल्मेट घालू नका, ते डोक्याला बसत नाही आणि ऐन वेळी निघून जातं. आणि उन्हाळ्याचं कारण सांगणाऱ्यानं डिसेंबर-जानेवारीत तरी घालायला काय हरकत आहे? थ्री फेज लाइट रात्रीची असते. पहाटे तीनला पाणी बघायला निघालेल्या माणसाला खटावचं गार वारं काय असतं ते माहीत आहे. काच खाली घेतली की वारंही लागत नाही आणि चिलटंही डोळ्यात जात नाहीत.

रात्रीचा विषय निघाला म्हणून. आता कारखाने पेटतील. उसाच्या ट्रॉल्या रात्रभर पळणार, काही बंद पडून रस्त्याकडेलाच उभ्या राहणार. मागं रेडियम नाही, दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणारा डिपर मारत नाही, डोळे दिपतात, आणि त्या दोन सेकंदांत पुढं काय उभं आहे ते दिसत नाही. त्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा तोंडावर, तेव्हा तर रस्ता रात्री पण भरलेला. यात हेल्मेट एकटं काय करणार? काही प्रमाणात करेल. बाकीचं ट्रॉलीवाल्यानं आणि कारखान्यानं करायचं आहे. ट्रॉलीला रेडियमच्या पट्ट्या लावायला लागतात शे-दोनशे रुपये. ज्यांच्या ट्रॉल्या आहेत त्यांनी हे वाचून उद्याच लावाव्यात, हात जोडून सांगतो.

या हेल्मेटची गोष्ट सुरू कशी झाली ते पण ऐका, कारण ती आपल्या रस्त्यावरचीच वाटते. लॉरेन्स ऑफ अरेबिया म्हणून ज्याच्यावर सिनेमा निघाला, तो इंग्रज लष्करी अधिकारी मोटरसायकलचा मोठा षौकीन. मे १९३५ मध्ये इंग्लंडात आपल्या गावाकडच्या रस्त्यावर सायकलवरची दोन पोरं अचानक समोर आली. त्यांना वाचवायला त्यानं गाडी वळवली आणि फेकला गेला. डोक्याला मार लागला, सहा दिवसांनी गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पुढं युद्धात निरोप पोचवणारे सैनिक शत्रूच्या गोळीनं नाही तर मोटरसायकलवरून पडून मरतायत हे त्यांनी बघितलं, नोंदी ठेवल्या, आणि १९४१ ला लेख लिहून दाखवून दिलं की हेल्मेट घातलेला वाचतो. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलवाल्यांना हेल्मेट सक्तीचं झालं. पोलिसांच्या पावतीतून नाही, एका डॉक्टरनं मेलेली माणसं मोजली त्यातून हेल्मेट आलंय.

आपल्याकडं मात्र हेल्मेट म्हटलं की पावतीच आठवते. २०१६ ला परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं जाहीर केलं. पंपवाल्यांनी विरोध केला, निर्णय बारगळला. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी सक्ती केली, तर लोकांनी सक्तीविरोधी समिती काढून मोर्चे काढले. मी दंडाच्या बाजूनं भांडायला बसलेलो नाही. कायद्यात हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. त्याची भीती काय करते ते आपण बघतोच: साताऱ्याच्या अलीकडं हेल्मेट हँडलवरून डोक्यावर येतं आणि परत येताना शहर सुटलं की डोक्यावरून हँडलवर जातं. म्हणजे हेल्मेट घरात आहे, डोक्यावर ठेवायचं कारण चुकीचं आहे. पोलीस शहरात आहे, धोका फाट्यावर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मागं बसणारीचं.

आपल्याकडं एखाद्या घरात हेल्मेट असलंच तर ते एक असतं आणि ते चालवणाऱ्याचं असतं. मागं बसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी नाहीतर लेकरू, डोक्यावर पदर. चालवणाऱ्याला निदान हँडल धरायला असतं, खड्डा आधी दिसतो. तिला काही दिसत नाही आणि धरायला काही नाही. गाडी गतिरोधकावरून उडाली की ती मागं पडते, आणि पहिलं टेकतं ते डोक्याचं मागचं हाड. आमच्या शिवाराजवळच्या एका वस्तीवरची काकी अशीच पडली. वेग विसाचा पण नसेल. चालवणाऱ्या पुतण्याला खरचटलं पण नाही. गाडी पुढं जाऊन थांबली, तेव्हा त्याला कळलं मागं कुणी नाही. काकी तीन महिने अंथरुणाला होती. आज उठते, जेवते, पण नातवंडांची नावं चुकवते. डोंगराएवढं काम करणारी बाई होती.

वर दिलेल्या आकड्यातले १४,३३७ म्हणजे ही माणसं. कायदा पण चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला हेल्मेट सांगतो, मागं बसणाऱ्याला पण. अंबाडा बांधला तर हेल्मेट बसत नाही म्हणतात. केस खाली मानेवर बांधले की बसतं. दोन्ही बाजूंनी पाय टाकून बसणं चांगलं, त्याला आता कुणी हसत नाही. साडी गार्ड कधी काढू नका, पदर चाकात जाऊ नये म्हणून तो लावलेला असतो. लई घरांत ओझं बांधायला आडवा येतो म्हणून तो काढून ठेवलेला दिसतो.

पोराच्या हातात गाडी देणाऱ्यांसाठी दोन ओळी. अठराच्या आत गिअरची गाडी दिली आणि अपघात झाला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि लायसन्स नसेल तर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मिळायला अडचण येते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वारसाला दोन लाख मिळतात, तिथंही गाडी चालवताना अपघात झाला तर लायसन्स मागतात आणि दारू पिऊन चालवत असल्यास मदत नाही. तेव्हा लायसन्सची मुदत आज बघून ठेवा.

हेल्मेट घेताना एवढं बघा. मागं आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा आकडा. १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दोनशे-अडीचशेला मिळतात. ती डोकं झाकतात, वाचवत नाहीत. बांधकामावरची पिवळी टोपी म्हणजे हेल्मेट नव्हे. हनुवटी झाकणारं पूर्ण घ्या. घालून डोकं हलवा, हेल्मेट वेगळं हलता कामा नये. पट्टा लावल्यावर खाली दोन बोटं जावीत, जास्त नको. पट्टा न लावलेलं हेल्मेट म्हणजे नुसती टोपी. काच पांढरी, काळी नको, रात्री दिसत नाही. रंग उजळ, मागं रेडियमची पट्टी. फवारणीच्या औषधासोबत एका पिशवीत ठेवू नका, औषधानं आणि पेट्रोलनं वरचं कवच खराब होतं. चोरीची भीती असेल तर सायकलचं वायरीचं कुलूप शंभर रुपयांत मिळतं.

चांगलं हेल्मेट हजार-बाराशेला येतं. चार वर्षं टिकलं तर दिवसाला ८०-८५ पैसे. दोघांची मिळून पावणेदोन रुपये. यात पुडी पण येत नाही.

शेवटी एक सूचना, जे डेअरीच्या, सोसायटीच्या, कारखान्याच्या पंचमंडळात बसतात त्यांच्यासाठी. दिवाळीला दूध उत्पादकांना फरकाबरोबर भेट देता: डबा, बादली, टॉवेल. यंदा जमत असेल तर जो रोज गाडीवरून कॅन आणतो त्याला आयएसआयचं हेल्मेट द्या. लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर होतो, ती टोपी पुढच्या लग्नात दुसऱ्याला जाते. नवरदेवाला गाडी देणाऱ्या मंडळींनी गाडीबरोबर दोन हेल्मेट दिली तर तो आहेर पोरीच्या कामाला येईल.

जीएसटीतून वाचलेले सहा हजार आहेतच. त्यातले अडीच हजार कशाला घालवायचे हे आता सांगायला नको. गाडी घेऊन झाली की मग आल्याच्या कंदकुजीवर बोलू.